ताला मजबूत, खुंटा ढिला: घरची सायकल चोरापासून कशी सांभाळायची

गावात सायकल चोरी गेली की माणूस आधी पोलीस पाटलाकडे जातो आणि मग माझ्याकडे. यवतमाळ जिल्ह्यात दारव्हा-दिग्रस रोडवर आमचं सायकल रिपेअरचं दुकान आहे, वडिलांच्या वेळचं. चोरीची सायकल आज ना उद्या कोण्यातरी मेकॅनिकच्या दारात येतेच, रंग मारायला नाहीतर तुटका ताला काढायला. म्हणून लोक आमच्याकडे चौकशीला येतात. सगळ्यांचं पहिलं वाक्य ठरलेलं: "भाऊ, ताला तं लावला होता न!" माझाही प्रश्न ठरलेला: "कायले लावला होता?"

चाकाला लावला होता, हे उत्तर. म्हणजे सायकल सायकललाच बांधून ठेवली होती. चोर ताल्याशी भांडत बसत नाही, तो ताला कशात अडकवलाय ते पाहतो. आणि आपण ताल्यावर पाचशे रुपये टाकतो, खुंट्यावर पाच रुपये टाकत नाही.

मागच्या चाकाचा गोल ताला

नवी सायकल घेतली की दुकानदार मागच्या चाकाला गोल ताला बसवून देतो. त्याची दांडी स्पोकांच्या मधून जाते आणि चाक फिरत नाही. त्याचं काम तेवढंच. साधी काळी सायकल अठरा-वीस किलोची भरते. पन्नास किलोचा कट्टा पाठीवर टाकून चालणाऱ्या मुलखात ती उचलून न्यायला कोणाला किती वेळ लागणार? मागचं चाक हातानं उचललं की पुढच्या चाकावर सायकल गुमान चालते.

हा ताला फ्रेमला एका पातळ पट्टीनं आणि दोन बारीक स्क्रूंनी धरलेला असतो. स्वस्त ताल्यांच्या चाव्यांचे नमुनेही मोजकेच. माझ्याकडे जुन्या चाव्यांचा एक डबा आहे. चावी हरवली म्हणून शाळेचं पोरगं रडत आलं की त्या डब्यातल्या दोन-चार चाव्या लावून पाहतो, एखादी फिरतेच. हे मला जमतं तसं दुसऱ्यालाही जमतं.

तरी तो ताला काढून फेकू नका. किराणा दुकानासमोर दोन मिनिटं उभं राहायचं असेल तर तो बरा आहे. रात्रभरासाठी त्याच्यावर विसंबू नका.

सायकल ठेवता कुठं?

सगळ्यात चांगली जागा घराच्या आत, कडी लावलेल्या दाराच्या मागं. हे सगळ्यांना कळतं, पण पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल मडगार्डमध्ये थापला जातो आणि घरची बाई म्हणते, "हे इथं आणू नका." तिचं म्हणणं खोटं नाही, सारवलेल्या घरात तो चिखल कोण काढणार? त्यावर उपाय असा: उंबऱ्याबाहेर एक बारदाना अंथरा, मडगार्डमधला चिखल तुराटीनं खरवडून काढा, दोन्ही चाकं बारदान्यावर एकदा पुढं-मागं फिरवा आणि मग सायकल आत घ्या. आत दुसरा बारदाना कायम पसरलेला ठेवा.

जागा कमी असेल तर टांगा. लाकडी मयाल, म्हणजे छताची आडवी तुळई, असलेल्या जुन्या घरात हे छान जमतं. बोटाएवढ्या जाड सळईचा हूक करून मयालीला आरपार बोल्ट मारून बसवा आणि पुढचं चाक त्यात अडकवा. सायकल भिंतीला लागून उभी लटकते, खाली पोत्याएवढी जागाही अडत नाही. साधा स्क्रूचा हूक लावू नका. जुन्या मयालीला उधई लागलेली असली तर सायकल खाली झोपलेल्या माणसावर येईल. टिनाच्या घरात पातळ पाइपाला टांगायच्या भानगडीत पडू नका.

घरात घेणं जमतच नसेल तर छपरी. पण छपरीतही सडकेवरून दिसेल अशी उभी करू नका. सायकल नेणारा बहुतेक वेळा लांबून आलेला नसतो. ती रोज कुठं उभी असते हे त्याला आठ दिवसांपासून माहीत असतं. सायकलवर जुनं लुगडं नाहीतर ताडपत्रीचा तुकडा टाकला तरी नवीकोरी चमक झाकली जाते.

उन्हाळ्यात वेगळीच गोष्ट होते. टिनाखाली इतकं तापतं की पंचरचं ठिगळ सुटतं, म्हणून लोक सायकल अंगणातल्या निंबाखाली नेतात. दिवसा ठीक आहे, पण ती तिथंच राहते. रात्री आत घ्यायचं कोणाच्या लक्षात राहत नाही.

आणि कोठ्यात, म्हणजे जनावरांच्या गोठ्यात ठेवत असाल तर आधी कोठ्याची मागची भिंत पाहा. आपल्याकडं पुढून फाटक आणि मागून पऱ्हाटीचा, म्हणजे कापसाच्या वाळक्या काड्यांचा, कुड असतो. पुढच्या फाटकाला ताला लावून उपयोग काय?

खुंटा

आता मुद्द्याचं. सायकल कोण्यातरी हलणार नाही अशा वस्तूला बांधायची असते आणि आपल्या घराभोवती अशी वस्तू नसतेच. लोक कशाकशाला बांधतात ते सांगतो. तारेच्या कुंपणाचा सिमेंटचा खांब: साखळी वर सरकवली की खांबाच्या टोकावरून निघते. खिडकीची जाळी: तिचे स्क्रू बाहेरून दिसतात. बंडीचं चाक: सकाळी बंडी जुंपायची असते म्हणून साखळी सोडतात आणि सायकल तशीच राहते. कोवळं झाड: विळा पुरेसा आहे.

आणि जमिनीत ठोकलेला खुंटा. बैलासाठी तो चालतो, कारण बैल आडवं ओढतो आणि आपण सैल झाला की दोन घण मारतो. चोर खुंटा आडवा ओढत नाही, चारही बाजूंनी हलवून वर उपसतो. त्यात आपली काळी माती. पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगा पडतात, भेगेत हात जातो. पोळ्याला घट्ट बसलेला खुंटा होळीपर्यंत नुसता उभा असतो.

म्हणून खुंटा सिमेंटात गाडा. खर्च फार नाही. घराचं काही बांधकाम चालू असेल तर उरलेल्या मालात होतो. गावातल्या फॅब्रिकेशनवाल्याकडून १२ एमएमची सळई आणा, साधारण पाच फूट. तिला उलट्या यूसारखा आकार द्यायचा, पण वरची बाजू गोल न करता सपाट ठेवायची. एक बाक मारून झाला की दुसरा मारायच्या आधी त्या सपाट भागावर जीआय पाइपाचा हातभर नको, वीतभरही नको, चार-पाच बोटं लांबीचा तुकडा ओवून घ्या. तो तुकडा सळईवर मोकळा फिरला पाहिजे. आरीनं कापायला गेलं की पाइप आरीबरोबर फिरतो आणि पातं धरत नाही. सळईचे दोन्ही पाय खाली बाहेरच्या बाजूला वाकवा.

खड्डा दीड फूट खोल. तोंड फूटभर आणि तळ त्याहून रुंद, म्हणजे गोळा वर उपसता येत नाही. काळ्या मातीची जाडी जास्त असेल आणि थोडं खाली मुरूम लागत असेल तर मुरुमापर्यंत जा. एक घमेलं सिमेंट, दोन रेती, चार गिट्टी. कडी जमिनीच्या वर फक्त दोन-तीन इंच ठेवा. साखळी ओवता आली म्हणजे झालं. जास्त उंच ठेवली तर सब्बल घालून पिळायला जागा मिळते. आठवडाभर पाणी मारा आणि तोपर्यंत सायकल बांधू नका. पोरांना अंगठा उमटवायचा असतो त्या ओल्या सिमेंटात, उमटवू द्या.

फरशी आधीच झालेली असेल तर पक्क्या विटेच्या भिंतीला आरपार भोक पाडून बोल्ट टाका आणि आतल्या बाजूला लोखंडी पट्टी ठेवून नट घट्ट करा. नट घराच्या आत म्हणजे पान्हा घेऊन आलेल्याचा उपयोग नाही. मातीच्या भिंतीला मात्र काहीच लावू नका, भिंतीसकट निघतं.

साखळी कशी पारखायची

प्लास्टिकच्या आवरणातली वेटोळ्याची केबल बाजारात सगळ्यात जास्त खपते. आवरण जाड दिसतं, आत तारा बारीक असतात. तार कापायच्या मोठ्या पक्कडीपुढं ती टिकत नाही. नंबरवालं कुलूपही मी घ्या म्हणत नाही. घरी तीन आकडे सगळ्या पोरांना माहीत असतात, म्हणजे गल्लीला माहीत असतात.

साखळी घ्या, पण ती कडक लोखंडाची. दुकानात घ्यायला जाताना खिशात एक लहान कानस न्या आणि दुकानदाराला विचारून कडीच्या आतल्या बाजूनं एकदा ओढा. कानस धरली आणि चमकदार ओरखडा उठला तर लोखंड मऊ आहे, आरीनं कापलं जाईल. कानस काचेवरून गेल्यासारखी घसरली तर साखळी कडक केलेली आहे. जनावरांची साखळी या परीक्षेत नेहमी नापास होते. कडीची जाडी आठ एमएमच्या आत नको. कुलूप साखळीच्या मानानं घ्या. दांडा शक्य तितका आखूड, म्हणजे आत काही घालून फाकवायला जागा राहत नाही.

बांधायची पद्धत: साखळी मागच्या चाकातून, फ्रेमच्या त्रिकोणातून आणि खुंट्याच्या कडीतून. तिन्ही पाहिजे. नुसतं पुढचं चाक बांधलं तर सकाळी पुढचं चाक तेवढं सापडेल. साखळी सैल सोडू नका आणि कुलूप जमिनीवर टेकू देऊ नका. खाली दगड आणि वर हातोडा मिळाला की चांगलं कुलूपही फुटतं. चावीचं तोंड खाली ठेवा, पावसाचं पाणी आत जात नाही.

कुलूप अडकायला लागलं की लोक शिवणयंत्राचं तेल सोडतात. आपल्या धुळीत ते तेल महिनाभरात चिकट होतं, कुलूप आणखी अडकतं आणि मग माणूस ते लावणंच सोडून देतो. माझ्याकडं आलेल्या कित्येक चोऱ्यांमध्ये ताला चांगला होता आणि घरात खिळ्याला लटकत होता. तेलाऐवजी पेन्सिलीचं शिसं उगाळून त्याची भुकटी चावीवर लावा आणि चार-पाच वेळा फिरवा.

गिअरच्या सायकलीला चाकावर आणि शीटखाली हातानं उघडायचा खटका असतो. तो काढून नट-बोल्ट बसवून घ्या, नाहीतर शीट आधी जाईल. बोल्टाला षटकोनी भोक असेल तर त्यात मापाचा एक बेअरिंगचा छर्रा बसवायचा आणि वरून मेण ओतायचं. बोल्ट खोलायची चावी आतच जात नाही. तुम्हाला स्वतःला काढायचं असेल तेव्हा सुईनं मेण काढा आणि चुंबकानं छर्रा उचला. बॅटरीची सायकल असली तर बॅटरी रोज घरात न्या.

कोणत्या दिवसांत जास्त सांभाळायचं

उन्हाळ्यात रात्रभर कूलर चालतो. कूलरच्या घरघरीत अंगणात कोणी बंडी हाकून नेली तरी ऐकू येत नाही. माणसं धाब्यावर, म्हणजे घराच्या सपाट छतावर, झोपायला जातात आणि खाली दार नुसतं ओढलेलं असतं. लग्नसराई त्याच दिवसांत. अख्खं घर वऱ्हाडात गेलं की गावाला माहीत असतं.

रब्बीत शेतीची लाईन, म्हणजे पंपाची वीज, रात्रीची असली की घरातला गडी हरभऱ्याला ओलित करायला वावरात, पीक उभं असलं की रानडुकरांच्या जागलीला. घरी म्हातारी माणसं आणि लेकरं. कापूस वेचणीच्या वेळी उलटं, दिवसभर घराला कुलूप आणि अंगण उघडं. तेव्हा सायकल दुपारची जाते, भर उजेडात, कोणी विचारलं तर "दुरुस्तीले नेतो" म्हणत.

यावर फार मोठं काही करायची गरज नाही. पोळ्याला बैलाच्या गळ्यात घालतो त्या घुंगरमाळेतली दोन-चार घुंगरं साखळीला बांधा. साखळी हलली की वाजतात. रात्री कूलर चालू असला तर उपयोग कमी, पण थंडीत गल्लीतली कुत्री लगेच जागी होतात. सोलरचा दिवा, माणूस जवळ आला की पेटणारा, हाही चांगला. तो सायकलवर न लावता फाटकाकडे तोंड करून लावा. आणि शेजारच्या काकूंना सांगून ठेवा की माझी सायकल आम्ही घरचे सोडून कोणाला न्यायला सांगितलेली नाही.

सायकलची ओळख

मोटरसायकलला नंबर प्लेट असते, आरसी असते. सायकलला तसं काही नाही. जुन्या काळी सायकलवर कर होता, तो भरला की टिनाचा बिल्ला मिळायचा आणि हँडलखाली लावायचा. वडिलांच्या पेटीत असले दोन बिल्ले अजून आहेत. तेवढी का होईना नोंद होती.

आता राहिला फ्रेम नंबर. पायडलच्या क्रँकची जी आडवी नळी असते तिच्या खालच्या अंगाला, नाहीतर शीटच्या खाली उभ्या नळीवर तो ठोकलेला असतो. सायकल उलटी करा, रॉकेल नाहीतर डिझेलच्या चिंधीनं मळ काढा आणि त्या जागेवर पांढरा खडू आडवा घासा. मग बोट फिरवून वरचा खडू पुसा. खोलगट आकड्यांत खडू राहतो आणि नंबर स्पष्ट वाचता येतो. त्याचा फोटो काढा. सोबत पूर्ण सायकलचा एक फोटो, शक्यतो मालक शेजारी उभा असलेला, आणि बिलाचा एक. तिन्ही फोटो घरातल्या दोन फोनवर ठेवा. आठवी ते बारावीच्या ज्या मुलींना सरकारच्या मानव विकास कार्यक्रमातून सायकल मिळाली आहे त्यांनी हे आधी करावं. एका शाळेच्या आवारात एकाच रंगाच्या पंधरा-वीस सायकली उभ्या असतात आणि त्यातली आपली कोणती हे मुलगीसुद्धा शपथेवर सांगू शकत नाही.

अजून एक करा. नाव आणि मोबाइल नंबर लिहिलेली चिठ्ठी प्लास्टिकच्या पन्नीत गुंडाळून शीटच्या नळीत सोडा. रंग बदलला, शीट बदललं, नंबर कानशीनं घासला, तरी ती आत राहते. सायकल खोलायची वेळ आली की मेकॅनिकच्या हातात पडते.

गेलीच तर

पहिल्या दिवशी पोलीस पाटलाला सांगा, आजूबाजूच्या गावातल्या मेकॅनिकांना आणि भंगारवाल्यांना फोटो पाठवा आणि ठाण्यात जा. तिथं "हरवली" असं लिहू देऊ नका, चोरी म्हणजे चोरीच लिहायची.

इथं एक कायद्याची गोष्ट माहीत असलेली बरी. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. तिच्या कलम ३०३ मध्ये साधी चोरी येते आणि वस्तू पाच हजारांच्या आतली असली तर तो गुन्हा अदखलपात्र धरतात, म्हणजे कोर्टाच्या आदेशाशिवाय पोलीस तपास करत नाहीत. राहत्या घरातून किंवा सामान ठेवायच्या इमारतीतून चोरी झाली तर कलम ३०५ लागतं. तिथं किमतीची ही अट नाही आणि शिक्षा सात वर्षांपर्यंत आहे. म्हणून सायकल नेमकी कुठून गेली, दाराला कडी-कुलूप होतं का, हे तक्रारीत स्पष्ट लिहा आणि बिल जोडा. उघड्या अंगणातून गेली असेल तर तसंच लिहा, खोटं लिहून पुढं फजिती होते.

स्वस्तात जुनी सायकल घेणाऱ्यांनीही ऐकावं. चोरीचा माल माहीत असून घेतला तर कलम ३१७ आहे, तीन वर्षांपर्यंत. विकणाऱ्याकडे बिल मागा. बिल नसलं तर फ्रेम नंबरावर हात फिरवा. तिथं कानशीचे ओरखडे आणि नवा रंग असेल तर पाचशे रुपये वाचवायच्या नादी लागू नका. माझ्याकडं असली सायकल रंगवायला आली की मी आधी बिल मागतो. गिऱ्हाईक पुन्हा येत नाही, न येवो.

सायकल सापडली तर ती लगेच हातात येत नाही, मुद्देमाल, म्हणजे गुन्ह्यातला पुरावा म्हणून ठाण्याच्या आवारात उभी राहते. कोर्टात अर्ज करून सुपूर्दनाम्यावर, म्हणजे सांभाळायची लेखी हमी देऊन, सोडवून घेता येते आणि तिथंही फ्रेम नंबराचा फोटो आणि बिलच लागतं. अर्ज लवकर करा, पावसाळा उघड्यावर गेला की चेन, बेअरिंग आणि रिम तिन्ही बदलायला लागतात. घरी आणल्यावर कुलूप बदला, कारण पहिल्याची चावी कोणाकोणाकडं आहे हे आता सांगता येत नाही.